वासराचा खर्च कोणत्या खात्यात?



दुधाचा दर, फॅट आणि भावफेर यांवर आपल्या बैठकांत तासन् तास चर्चा होते. गोठ्याच्या कोपऱ्यात बांधलेल्या कालवडीचे नाव मात्र कोणी काढत नाही. सोनगड-व्यारा भागात आपल्यापैकी काही कुटुंबांचे गोठे पिढ्यान् पिढ्या आहेत, म्हणून हा विषय मुद्दाम मांडत आहोत.

आम्ही बँकेत कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. दुभत्या जनावरासाठी कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावर नेहमी येतात. घरची कालवड वेळेवर गाभण राहिली, तर यातले कितीतरी अर्ज येणारच नाहीत. पण ढेप खाते ती दूध देणारी. कालवडीच्या वाट्याला भाताचा पेंढा. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के, आणि त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमही अडवते. पोट भरते, अंग भरत नाही.

करायचे ते अवघड नाही. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा. दुसऱ्या आठवड्यापासून वासरांचा खास खुराक, म्हणजे काफ स्टार्टर, मुठीने सुरू करून तिसऱ्या महिन्यापर्यंत किलोभर न्यावा. त्यात प्रथिने वीस टक्क्यांहून अधिक असतात. खनिज मिश्रण वासराला रोज 20 ते 25 ग्रॅम, वाढत्या कालवडीला 50 ग्रॅम. जंताचे औषध वेळेवर द्यावे, नाहीतर खुराक जंतांच्याच कामी येतो. युरिया घातलेले खाद्य लहान वासराला देऊ नये. अशी वाढलेली संकरित कालवड अडीच वर्षांच्या सुमारास विते. अर्धपोटी राहिलेली वर्षभर मागे पडते. त्या बुडालेल्या वर्षाचे दूध कोणत्या वहीत लिहायचे?

सुरत जिल्ह्यातील कोसमाड्याच्या मणिभाई देसाईंनी 1967 साली पुण्याजवळ उरळीकांचनला ‘बाएफ’ उभी केली आणि संकरित गाय लहान शेतकऱ्याच्या दारी नेली. वाण आले. पण नुसत्या वाणाने काय होणार? वाणाला खाणेही हवे.

हातात पैसा नाही, हे लहान पशुपालकाचे म्हणणे खरे आहे. म्हणून मंडळीने पुढे यावे. 1951 साली स्थापन झालेल्या सुमुलचा पशुखाद्य कारखाना बाजीपुऱ्यात 2017 साली सुरू झाला. म्हणजे खाद्य दाराशी बनते. 2018-19 च्या अर्थसंकल्पापासून किसान क्रेडिट कार्डही पशुपालनाला लागू झाले. वासराचा खुराक उधारीवर देऊन दुधाच्या बिलातून हप्त्याने वळता करणे एवढेच बाकी आहे. ज्याला जमेल त्याने भावफेरातला काही भाग कालवडीसाठी बाजूला काढावा.

मंडळीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आपण दर विचारतो. यापुढे वासराच्या खुराकाचे काय, हेही विचारावे. ढेपेचा पैसा या महिन्याचा खर्च असेल, पण कालवडीवर घातलेला पैसा हे भांडवल आहे. हा फरक आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवला होता. गोठ्यात तो अजून पोचायचा आहे.

विचार व्हावा, ही विनंती.