सात वर्षे अडकलेला पैसा

लेबनॉनच्या बेका खोऱ्यात तोडलेली द्राक्षे डोंगर ओलांडून समुद्राकडच्या घझीरला न्यावी लागतात. एरवी हे काही तासांचे काम. यादवी युद्धात, १९८४ साली, ट्रक इतके रखडले की द्राक्षे वाटेतच आंबू लागली. त्याआधी १९७६ साली तर वाईन करताच आली नव्हती. युद्धाची बाकीची वर्षे मात्र घझीरची मद्यशाळा चालवणाऱ्या होशार कुटुंबाने हंगाम हातचा जाऊ दिला नाही.

मळा एकीकडे, मद्यशाळा दुसरीकडे, हा उफराटा कारभार का? गास्ताँ होशार यांनी १९३० साली ‘शातो म्युझार’ सुरू केली तेव्हा देशावर फ्रेंचांचा अंमल होता आणि बेका पुढे लेबनॉनमध्ये राहील की सीरियात जाईल याचा भरवसा नव्हता, असे सांगतात. वेली मात्र तिथेच हव्या होत्या. सुमारे हजार मीटर उंची. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. उन्हाने द्राक्षात साखर भरते, गारठ्याने आंबटपणा टिकतो. रेड वाईनला दोन्ही लागतात. शिवाय हिवाळ्यात वेल झोपते. (आपल्या नाशिकला ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असे दोन फेरे.)

गास्ताँचे पुत्र सर्ज यांनी १९५९ साली सूत्रे घेतली. काबर्ने सोव्हिन्यॉ, सँसो आणि कारिन्याँ ही द्राक्षे वेगवेगळी आंबवायची, वाईन ओकच्या पिंपात मुरवायची, तिसऱ्या वर्षी मिसळून बाटल्या भरायच्या आणि त्या आणखी चार वर्षे तळघरात ठेवायच्या, ही त्यांची रीत. बाटली बाजारात येते ती सातव्या वर्षी. चव दर हंगामाला बदलते. कधी तिला व्हिनेगरकडे झुकणारा वास येतो. मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत असे पिंप बहुधा नापास झाले असते.

‘घराण्याची वाईन’ या शब्दांत जाहिरात बरीच असते. घराणे आहे म्हणून माल चांगला होतो, असे मुळीच नाही. फरक पडतो तो हिशेबात. भागधारकांना दरवर्षी नफा दाखवावा लागतो. कुटुंबाला, मनात आणले तर, सात वर्षांचा साठा धरून बसता येते. त्याच साठ्याने होशारांना तारले. युद्धात घरचे गिऱ्हाईक आटले, तेव्हा १९७९ च्या ब्रिस्टल मेळाव्यात त्यांची १९६७ ची वाईन गाजली आणि ब्रिटनची बाजारपेठ उघडली.

साठा धरायचा तर पैसा लागतो; महाराष्ट्रात मात्र २०२२ साली वाद पेटला तो सुपरमार्केटात वाईन विकावी की नाही, यावर. नाशिकच्या लहान मद्यशाळांना माल मुरवण्यासाठी लांब मुदतीचे कर्ज कसे मिळेल, तेही सरकारने आता पाहावे.