साबरमतीचे पंडितजी

पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या शिष्यपरंपरेचा विषय निघाला, की ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही नावे सहज ओठांवर येतात. नारायण मोरेश्वर खरे हे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. मैफलीने गायकाला जी कीर्ती लाभते ती त्यांच्या वाट्याला आली नाही. तिच्या मागे ते गेलेही नाहीत. १८८९ साली तासगावात जन्मलेल्या या गायकाने आयुष्यातील वीस वर्षे, ज्यांना गाता येत नाही अशा माणसांना गायला लावण्यात वेचली.

पलुस्करांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि पुढे मुंबईत त्याचा विस्तार केला. संगीत राजदरबारातून व कोठ्यांवरून उचलून सभ्य गृहस्थाच्या ओसरीवर आणावयाचे, ही त्यांची प्रतिज्ञा होती. खरे याच विद्यालयात घडले. साबरमतीच्या आश्रमासाठी गांधीजींनी पलुस्करांकडे एक संगीतशिक्षक मागितला, तेव्हा गुरूंनी खऱ्यांना पाठविले. ते साल १९१८ होते. तिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, पुरी तालीम झालेल्या गायकाने अशा वेळी मुंबईसारखे शहर सोडून नदीकाठच्या झोपड्यांत जाऊन राहावे, हा व्यवहाराच्या वहीत तोट्याचाच सौदा म्हणावा लागेल. जमेच्या बाजूस काय पडले, ते त्या वहीत मावणारे नव्हते.

आश्रमात पहाटे चारच्या सुमारास घंटा होई आणि मंडळी प्रार्थनेला जमत. त्यांत गुजराती होते, तमिळ होते, उत्तर हिंदुस्थानातील होते, मराठीही होते. कोणी विणकर, कोणी विद्यार्थी, कोणी मुलाबाळांसह आलेली गृहिणी. प्रत्येकाचा उच्चार वेगळा, गळा वेगळा, आणि सुराशी ओळख बहुतेकांची नाहीच. सूतकताई, सफाई, शौचकूप स्वच्छ करणे ही कामे आश्रमात सर्वांनाच असत. गायक म्हणून कोणाची त्यांतून सुटका नव्हती.

बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या गावी ज्या शिक्षकाने सकाळच्या परिपाठाला उभ्या राहिलेल्या मुलांकडून एखादी प्रार्थना बसवून घेतली असेल, त्याला हे काम काय असते ते निराळे सांगावयास नको. पट्टी थोडी उंच धरली, की लहानांचे आवाज चिरकतात. खाली धरली, की मोठी मुले नुसती गुणगुणतात. एक धावतो, दुसरा रेंगाळतो. बेसुऱ्याला गप्प बसविणे हा सोपा उपाय असतो आणि कितीतरी शिक्षक तो करतात. प्रार्थनेच्या शिक्षकाला तो करता येत नाही. कारण तेथे गप्प बसविलेला माणूस केवळ गाण्याबाहेर जात नाही, तर प्रार्थनेबाहेर जातो. दरबारी गायकीहून हे काम हलके मानण्याची आपली सवय आहे. ती सवय तपासून पाहण्यासारखी आहे.

खऱ्यांनी सर्वांना गाता यावीत अशी निरनिराळ्या भाषांतील भजने गोळा केली, त्यांना राग आणि चाली दिल्या. त्यातूनच ‘आश्रम भजनावली’ आकारास आली. तुकोबा आणि रामदास, मीरा आणि कबीर, सूरदास आणि नरसी मेहता तिच्यात एकत्र बसले. मुंबईत जवाहिऱ्याची पेढी सांभाळता सांभाळता आत्मचिंतनात बुडालेल्या श्रीमद् राजचंद्रांचे ‘अपूर्व अवसर’ हे पदही तिच्यात आहे. पुढे १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी मीराबहेनसाठी या भजनांचे इंग्रजी भाषांतर करावयास घेतले. तुरुंगात सोबत न्यावी अशी ती वही झाली होती.

आश्रमापुरतेच त्यांचे काम राहिले नाही. अहमदाबादेत त्यांच्या देखरेखीखाली राष्ट्रीय संगीत मंडळ चालत असे. १९२६ साली त्या मंडळाच्या सभेत गांधीजी बोलले, तेव्हा एवढ्या धनवान नगरीत संगीतासाठी इतकी थोडी माणसे पुढे यावीत, याची खंत त्यांनी व्यक्त केली. ही तक्रार आजही जुनी झाली आहे, असे म्हणवत नाही. दुकानाच्या वेळा सांभाळून मुलाला शिकवणीला धाडणारी घरे असंख्य आहेत. गाण्याच्या वर्गासाठी मात्र वेळ निघत नाही.

१९३० साल उजाडले ते या कुटुंबासाठी फार कठीण ठरले. आश्रमात देवीची साथ आली. गांधीजींचा लस टोचण्यास विरोध होता, आणि त्यांच्यावरील विश्वासामुळे आश्रमातील पालकांनी मुलांना लस टोचली नव्हती. या साथीत काही मुले दगावली. खऱ्यांचा लहानगा वसंत त्यांपैकी एक. या मृत्यूंचा भार आपल्या माथी आहे, असे गांधीजींनी बोलून दाखविले. लशीविषयीचा त्यांचा तो आग्रह आज कोणालाही पटणार नाही, आणि श्रद्धेपोटी तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही. त्या घराने मात्र आश्रम सोडला नाही.

थोड्याच दिवसांत, १२ मार्चच्या सकाळी, गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह दांडीकडे निघाले. त्या यादीत खऱ्यांचे नाव होते. निघण्यापूर्वीच्या प्रार्थनेत त्यांनीच भजने म्हटली. ‘वैष्णव जन तो’ हे त्यांतले एक. ज्याच्या घरात पोराचे अंथरूण नुकतेच रिकामे झाले होते, त्याने हजारो लोकांसमोर सूर लावला. त्या गळ्यात त्या वेळी काय दाटले असेल, याची कल्पनाच करावी.

सुमारे ३८५ किलोमीटरची ती वाटचाल होती. दिवसातून दोन वेळा चालणे, मुक्कामी सूत कातणे, रोजनिशी लिहिणे, आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. पायांना फोड आलेल्या, उन्हाने करपलेल्या माणसांना सायंकाळी एका सुरात आणणे हे पंडितजींचे काम. ‘रघुपति राघव’ची जी धून देशभर पसरली, ती त्यांच्या गुरूंच्या, पलुस्करांच्या नावे ओळखली जाते. गुरूने बांधलेली आणि शिष्याने गावोगावच्या धुळीतून नेलेली, असे तिचे वर्णन करावयास हरकत नसावी. ६ एप्रिल रोजी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले गेले.

१९३८ च्या फेब्रुवारीत तापीकाठच्या हरिपुरा गावी काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. नंदलाल बोस यांनी चित्रांनी मंडप सजविला होता. खरे तेथे संगीताच्या व्यवस्थेसाठी आधीच जाऊन राहिले होते. तेथेच त्यांना न्यूमोनियाने गाठले आणि अधिवेशनास काही दिवस उरले असताना त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीच्या आत होते. काम तेच चालू होते: जमलेल्या लोकांना एकत्र गाता यावे.