परळची ती पोटनिवडणूक

5 जून 1970 च्या रात्री लालबागच्या तावरीपाड्यात आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. गिरणगावाने 1967 मध्ये निवडून दिलेले ते कम्युनिस्ट पक्षाचे आमदार. या प्रकरणात शिवसेनेशी संबंधित तरुणांना शिक्षा झाल्या. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली, तेव्हा देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई यांच्यासमोर शिवसेनेने वामनराव महाडिकांना उभे केले. महाडिक थोडक्या मतांनी जिंकले आणि शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

हे घडले त्याच्या जेमतेम दहा वर्षे आधी कॉम्रेड डांगे आणि प्रबोधनकार ठाकरे संयुक्त महाराष्ट्र समितीत खांद्याला खांदा लावून लढत होते. विचारांत दोन टोके, तरी मुंबईसाठी एकत्र. मग 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली, पुढच्याच वर्षी डिसेंबरात परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. कम्युनिस्ट हा प्रतिस्पर्धी उरला नाही, देशद्रोही ठरवला गेला. एकदा माणसाला देशद्रोही म्हटले की त्याच्यावर हात उचलणाऱ्याला आपण पुण्यच करतो आहोत असे वाटू लागते. तावरीपाड्याची वाट तिथूनच निघाली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमध्ये जून 2016 मध्ये खासदार जो कॉक्स यांची हत्या झाली. त्यांच्या मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीत इतर प्रमुख पक्षांनी उमेदवारच दिले नाहीत. खुनाने रिकाम्या झालेल्या जागेवर डोळा ठेवायचा नाही, एवढी लाज त्या कडवट ब्रेक्झिटच्या वर्षातही शिल्लक होती. आपल्याकडेही ती अगदीच नाही असे नाही. 2022 मध्ये आमदार रमेश लटके यांच्या निधनानंतर अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक लागली, तेव्हा राज ठाकरे आणि शरद पवार यांनी आवाहन केले आणि भाजपने अर्ज मागे घेतला.

पण त्याच वर्षी, गणेशोत्सव सरताच, प्रभादेवीत फुटलेल्या शिवसेनेच्या दोन गटांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले. नोव्हेंबर 2023 मध्ये तर शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मृतिस्थळापाशीच याच दोन गटांत हाणामारी झाली. कालपर्यंत एकाच शाखेत बसणारी, एकाच मंडळाची वर्गणी गोळा करणारी ही मुले. त्यांच्यात विचारांचे अंतर किती? नावाला. वैर मात्र वरून आलेले. नेते उद्या पुन्हा युती करतील, या मुलांच्या नावावरचे गुन्हे आणि कोर्टाच्या तारखा तशाच राहतील.

म्हणून दादर-माहीमच्या सर्व पक्षांकडे आमची मागणी आहे. हाणामारीत सापडलेल्या आपल्याच कार्यकर्त्याला जामीन मिळताच हारतुरे घालणे बंद करा. त्याला पद देऊ नका, महापालिकेचे तिकीट तर नाहीच. आणि सरकारने ‘राजकीय आंदोलनातले गुन्हे’ म्हणून खटले मागे घेताना मारहाणीचे गुन्हे त्या यादीतून वगळावेत, मग आरोपी सत्ताधारी पक्षाचा का असेना.