एका ट्रकमागचा अभ्यासक्रम

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळ्यांचा ट्रक बंगळुरूकडे निघतो, त्याआधी त्याची माहिती निघालेली असते. राज्याबाहेर जाणारा माल 50 हजार रुपयांवरचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, लागते. त्याची मुदत साधारणपणे 200 किलोमीटरला एक दिवस. विक्रेत्याची वार्षिक उलाढाल पाच कोटींवर असेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून विक्रीचे बिलही सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. विक्रेत्याने आपल्या जीएसटी विवरणपत्रात ते दाखवले नाही, तर बंगळुरूच्या खरेदीदाराला मोजलेल्या कराची वजावट मिळत नाही. इथल्या कारकुनाची एक चुकलेली नोंद परराज्यातल्या दुकानदाराचे पैसे अडकवते.

माहिती प्रणाली हा विषय शेजारच्या कामोठ्याच्या वेशीवर असा रोज घडतो. एकीकडे तळोजा एमआयडीसी, दुसरीकडे 1989 पासूनचे न्हावा-शेव्याचे बंदर, आता विमानतळही. आणि इथली वाणिज्य-व्यवस्थापनाची मुले उत्तरपत्रिकेत काय लिहितात? एमआयएसची, म्हणजे व्यवस्थापन माहिती प्रणालीची, व्याख्या आणि ईआरपी सॉफ्टवेअरचे फायदे-तोटे. अभ्यासक्रमात या विषयाला जागा आहे, हे चांगलेच. पण पाठांतरावर गुण मिळत असतील तर ती जागा वाया जाते.

मग मुले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या क्लासला जातात. त्यात गैर काही नाही, अनेकांना पहिली नोकरी त्याच जोरावर मिळते. मात्र क्लास कोणते बटण दाबायचे ते शिकवतो. ते दाबल्यावर कोणाच्या खात्यात काय बदलते, नोंद बदलण्याचा अधिकार कोणाला असावा, हे शिकवणे कॉलेजचे काम. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची खूण राहणे 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचे झाले. ही सक्ती का करावी लागली, यावर वर्गात तासभर चर्चा झाली तर लेखापरीक्षणाचे निम्मे मर्म मुलांच्या हाती लागेल.

आमची मागणी अवघड नाही. मुलांच्या गटाला मागणीपत्रापासून विवरणपत्रापर्यंत एकच व्यवहार द्या. कोणी विक्रेता, कोणी वाहतूकदार, कोणी खरेदीदार. त्यात मुद्दाम एक चूक पेरा आणि ती शोधायला लावा. गुण त्या शोधाला द्या. नव्या शैक्षणिक धोरणातल्या कार्यानुभवासाठी मुलांना कळंबोलीच्या गाळ्यांत पाठवा. व्यापाऱ्यांनीही नुसत्या प्रमाणपत्रावर सही करून त्यांची बोळवण करू नये, हिशेबनिसाशेजारी बसवावे. आणि शिकवणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत धावत असेल, तर संगणक प्रयोगशाळेत मुलांजवळ थांबायला त्याला वेळ कुठून मिळणार? सरकारने प्राध्यापकांची रिक्त पदे आधी भरावीत.