क्योटोहून काय आणायचे?

चैत्राची चाहूल लागली की निगडी-प्राधिकरणापासून पिंपळे सौदागरपर्यंतच्या अनेक घरांत प्रवासाची तयारी सुरू होते. एके काळी येथल्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे स्वप्न काशी-रामेश्वराचे असे. पुढे ते सिंगापूर-बँकॉकचे झाले आणि आता चेरीच्या बहरातला जपान त्या यादीत मानाने जाऊन बसला आहे. जपानातही ओढ असते ती क्योटोच्या मंदिरांची आणि उद्यानांची. मंडळी परततात, छायाचित्रे दाखवितात, आणि शेवटी एक वाक्य हमखास येते : "काय ती स्वच्छता, काय ती शिस्त! आपल्याकडे हे कधीच व्हायचे नाही." या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहिला पाहिजे, कारण त्या उत्तरार्धातच आपला पराभव दडलेला आहे.

क्योटो ही इ. स. ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानच्या सम्राटांची राजधानी होती. या प्राचीन नगरीतील आणि परिसरातील १७ स्थळांना १९९४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांपैकी र्योआन्-जी या मंदिराच्या अंगणात पांढऱ्या खडीवर केवळ १५ दगड मांडलेले आहेत. ओसरीवर कोठेही बसा, त्यांतला एक तरी दगड दृष्टीआड राहतोच. माणसाला सारे काही एकाच वेळी दिसत नाही, हे शिकविण्यासाठी तेथे प्रवचन लागत नाही. एन्त्सू-जी मंदिराच्या बागेची शोभा तर तिच्या कुंपणापलीकडे आहे. दूरवरचा हिएई पर्वत हाच त्या बागेचा मुख्य अलंकार. याला जपानी लोक 'शाक्केई' म्हणजे उसनी घेतलेली शोभा म्हणतात. ती झाकली जाऊ नये म्हणून २००७ मध्ये क्योटो महापालिकेने इमारतींच्या उंचीवर कठोर मर्यादा घातल्या आणि छपरांवरील जाहिरातफलकांना बंदी केली. जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या शहराने आपल्या डोंगराच्या दर्शनासाठी मजले कमी केले, ही गोष्ट पिंपरी-चिंचवडकरांनी दोनदा वाचावी अशी आहे.

हिंदू माणसाला क्योटोत परके वाटू नये अशीही पुष्कळ कारणे आहेत. सान्जूसान्गेन्दो या लांबलचक मंदिरात अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती उभ्या आहेत आणि त्यांच्या रक्षणासाठी ज्या २८ देवता आहेत, त्यांत इंद्र, ब्रह्मा आणि गरुड आहेत. आपली सरस्वती तेथे 'बेन्झाइतेन' या नावाने पुजली जाते. आपला गणपती 'शोतेन' किंवा 'कांगितेन' होऊन बंद दारांआड विराजमान असतो आणि त्याला मुळ्याचा नैवेद्य प्रिय मानतात. इ. स. ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, ते बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते. हे सारे ऐकून आपली छाती फुगते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु देव आपल्याकडून गेले एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. तेथे गेलेल्या देवांचा परिसर कसा राखला जातो आणि येथे राहिलेल्या देवांचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

यावर एक ठरावीक उत्तर असते : "ते त्यांच्या रक्तातच आहे." इतिहास या उत्तराला दुजोरा देत नाही. सुवर्णमंदिर म्हणून जगभर ख्याती पावलेले किन्काकु-जी १९५० मध्ये जळून खाक झाले आणि ती आग त्याच मंदिरातील एका तरुण भिक्षूने लावली होती. आज आपण पाहतो ती वास्तू १९५५ मध्ये पुन्हा उभारलेली आहे. क्योटोतून वाहणारी कामो नदी युद्धोत्तर काळात घरगुती घाण आणि उद्योगांचे सांडपाणी यांनी गलिच्छ झाली होती. साठच्या दशकात नागरिक संघटित झाले, शासन हलले, आणि आज तिच्या काठावर आपले पर्यटक निवांत बसून छायाचित्रे काढतात. पर्यटकांच्या बेशिस्तीपुढे तेही हतबल होतात. २०२४ मध्ये गिओन भागातील खासगी गल्ल्या त्यांना पर्यटकांसाठी बंद कराव्या लागल्या. तेव्हा रक्ताचा येथे काही संबंध नाही. हा सवयीचा आणि संस्काराचा भाग आहे, आणि संस्कार घडविता येतात ही तर आपली मूळ श्रद्धा आहे.

क्योटोच्या जुन्या वस्त्यांत 'कादोहाकी' नावाची एक साधी रीत आहे. सकाळी घरातील माणूस आपल्या दारापुढचा रस्ता झाडतो आणि झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीतील सुमारे फूटभर जागाही झाडून घेतो. अधिक झाडले तर शेजाऱ्याला ओशाळे वाटेल, अजिबात झाडले नाही तर आपण तुसडे ठरू, असा त्यामागचा विचार. हे वाचताना आपल्या आजीचे सडासंमार्जन आठवल्याशिवाय राहत नाही. अंगण झाडून, शेणसडा घालून, रांगोळी रेखून मगच दिवस सुरू करणारा समाज आपणच होतो. अंगण गेले, सदनिका आली, आणि उंबरठ्याबाहेरची जबाबदारी आपण सफाई कामगारावर आणि महापालिकेवर टाकून मोकळे झालो.

गंमत अशी की, या औद्योगिक पट्ट्याला जपानी स्वच्छतेचे धडे नवे नाहीत. चाकण, भोसरी, पिंपरीच्या शेकडो कारखान्यांत 'फाइव्ह एस'चे फलक लागलेले असतात. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे शब्द येथल्या कामगाराला आणि अभियंत्याला तोंडपाठ आहेत. हत्याराची जागा ठरलेली, जमिनीवर तेलाचा थेंब नाही, यंत्र पुसल्याशिवाय पाळी सुटत नाही. हाच माणूस पाळी संपवून फाटकाबाहेर येतो आणि बसच्या खिडकीतून पाण्याची रिकामी बाटली रस्त्यावर भिरकावतो. माणूस तोच, फाटकाच्या दोन बाजूंना दोन वर्तने! म्हणजे आपल्याला जमत नाही असे मुळीच नाही. फाटकाबाहेरची जागा आपली वाटत नाही, एवढेच.

आणि ती जागा किती मोलाची आहे! पवनेच्या काठी श्रीमोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. भाद्रपद आणि माघ महिन्यांत येथूनच मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. जवळच, रँडला शासन करणाऱ्या चापेकर बंधूंचा वाडा आहे. चाकणला संग्रामदुर्ग आहे, जेथे १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे ५५ दिवस किल्ला झुंजविला. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तुकोबारायांच्या चिंतनाचे डोंगर आहेत. त्यांतील घोरावडेश्वरला प्राचीन बौद्ध लेण्यांतच शिवलिंगाची पूजा होते. देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ज्या धर्मधारेने क्योटो घडविले, तिच्या खुणा अशा आपल्या उशाशी आहेत. क्योटोला जाऊन आलेल्या किती कुटुंबांनी हे सारे एका रविवारी मुलांना दाखविले आहे?

दाखवायला न्यावे तर मुले काय पाहतील, हाही प्रश्न आहेच. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना महाराष्ट्राने वारंवार पाहिला आहे. वारकरी त्याच पाण्यात उतरतो आणि तेच तीर्थ म्हणून मस्तकी लावतो. पुराच्या रेषेत घरे बांधण्याचा हव्यास इतका की, २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील बंगले पाडावे लागले. त्यानंतर महिन्याभरातच, १५ जूनला रविवारच्या गर्दीत कुंडमळ्याचा जीर्ण लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा बळी गेला. नदी आपल्यासाठी एक तर गटार झाली आहे किंवा सहलीचे ठिकाण. ती माता आहे, हे आरतीपुरतेच उरले आहे.

केवळ झाडू घेऊन कारखान्याचे सांडपाणी थांबत नाही, हे मान्य. त्यासाठी कायदा, प्रक्रिया केंद्रे आणि कठोर अंमलबजावणी हवी आणि ती शासनाकडून खडसावून मागितली पाहिजे. परंतु मागण्याचा नैतिक अधिकार कर्तव्य करणाऱ्याला असतो. आपल्या सोसायटीचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प खरोखर चालतो की केवळ कागदावर आहे, हा प्रश्न वार्षिक सभेत कोणी विचारला आहे काय? निर्माल्य पिशवीसकट पवनेत टाकणारा हात कारखानदाराचा नसतो, आपलाच असतो.

एक दिवसाची स्वच्छता मोहीम, गळ्यात फलक आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र, याने काही साधणार नाही. प्रत्येक शाखेने, भजनी मंडळाने, गणेश मंडळाने एक घाट, एक पायवाट किंवा गडाचा एक बुरूज वर्षभरासाठी आपला मानावा आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी तेथे जावे. आपल्या संघटनकार्याचे बळ भाषणांत कधीच नव्हते. ते रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी जमण्यात आहे. ती सवय नदीकाठी नेण्यात अवघड ते काय?

क्योटोला अवश्य जावे. तेथल्या शोतेनापुढे हात जोडावेत, खडीच्या बागेपुढे घटकाभर मौन बसावे. परतताना पंखे, बाहुल्या, चहाचे पेले आणावेत. पण त्यांच्याबरोबर ती फूटभर जागाही आणावी, जी आपली नसूनही क्योटोचा गृहस्थ रोज झाडतो. चिंचवडच्या घाटावर ती कोठून सुरू करायची, हे येत्या रविवारी मुलांना घेऊन मोरयाच्या दर्शनाला गेल्यावर आपोआप दिसेल.