मीटरवरचा पिवळा दिवा आणि डिकीतून गायब झालेली स्टेपनी

मागच्या महिन्यात माझ्या मेहुण्याने त्याच्या एसयूव्हीला नवीन चाकं बसवली. कंपनीचे १६ इंची रिम काढले, १७ इंची अलॉय टाकले. गाडी दिसायला झकास. दुकानातून बाहेर पडला आणि मीटरवर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. घोड्याच्या नालासारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. परत दुकानात गेला तर उत्तर मिळालं, "साहेब, ती सेन्सरची लाईट आहे. काही होत नाही, बिनधास्त चालवा."

चार दिवसांनी तो बायको-पोरांना घेऊन समृद्धीवरून नागपूरला निघणार होता. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, मी सहज गेज लावून बघितलं. तीन चाकांत ३३, मागच्या उजव्या चाकात २२. नवीन व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू जात होती. या गाडीत स्टेपनी नाही, पंक्चर किट आहे. १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर, भर उन्हात, भरल्या गाडीने तो या चाकावर जाणार होता.

आता यात तांत्रिक भानगड काय आहे ते आधी सांगतो, कारण ती समजली की पुढचा मुद्दा आपोआप कळेल.

बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकात आतल्या बाजूला, व्हॉल्व्हला जोडून, एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो आणि कॉम्प्युटर ओळखीच्या नंबरचंच ऐकतो. नवे रिम बसवताना जुन्या रिममधले सेन्सर काढून नव्यात लावायचे असतात. मेहुण्याचे चारही सेन्सर जुन्या रिममध्येच राहिले होते आणि ते रिम दुकानदाराने एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतले होते!

दिव्याची भाषाही समजून घ्या. साधारणपणे दिवा सरळ लागून राहिला तर हवा कमी आहे. गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणाच बंद आहे, म्हणजे हवा कमी झाली तरी गाडी सांगणार नाही. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, आणि "काही होत नाही" नेमकं त्यालाच म्हटलं जातं.

तुमच्याकडे असं झालं तर क्रम असा ठेवा. आधी गाडी थंड असताना चारही चाकांची हवा गेजने मोजा आणि चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरा. मग दुकानदाराला विचारा, सेन्सर हलवले का? टायर उतरवताना तुटले तर नाहीत? नवीन घेतले असतील तर आपल्या गाडीच्या फ्रिक्वेन्सीचे आहेत का? अमेरिकेतल्या गाड्यांचे सेन्सर बहुतेक ३१५ मेगाहर्ट्झचे असतात, आपल्याकडचे ४३३ चे. चुकीचा माल आला तर तो कधीच बोलणार नाही. सेन्सर बरोबर असेल तर त्याचा नंबर गाडीला शिकवावा लागतो. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लागतो. गाडी पाच-सात वर्षं जुनी असेल तर सेन्सरची बॅटरी संपलेली असू शकते. ती बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. तिथे एबीएस चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधतं. अशा गाडीत चाकं बदलल्यावर हवा नीट भरून रीसेट करायचं, बस.

आता खरा मुद्दा. २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचा दाब सांगणारी ही यंत्रणा असेल तर प्रवासी मोटारीत स्टेपनी नसली तरी चालेल, असं ठरलं. ठीक आहे. पण ज्या यंत्रणेच्या भरवशावर स्टेपनी काढायला परवानगी दिली, ती एखाद्या दुकानदाराने अर्ध्या तासात निकामी केली तर विचारणारं कोण? पीयूसीत फक्त धूर बघतात. खासगी गाडीची फिटनेस तपासणी १५ वर्षांनी.

अमेरिकेत हा दिवा आला तोच माणसं मेल्यावर. फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीचे फायरस्टोन टायर फुटून, सोलून गाड्या उलटल्या, अडीचशेहून जास्त लोक गेले. त्यातून २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. शिवाय चालू असलेलं सुरक्षा उपकरण गॅरेजवाल्याने जाणूनबुजून बंद पाडणं तिथे बेकायदा आहे. आपल्याकडे यंत्रणा आली, पण ती जपण्याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच. चाकं बदलणाऱ्या दुकानाने बिलावर लिहून द्यावं, सेन्सर हलवले, तपासले, दिवा बंद झाला. समृद्धीवर आरटीओवाले गुळगुळीत टायर शोधतात, तसं मीटरही चालू करून बघावं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि गाडी कंपन्यांनी सेन्सरचे नंबर शिकवायची पद्धत फक्त आपल्या शोरूमपुरती कुलूपबंद ठेवू नये. नाक्यावरचा टायरवाला हे काम शिकू शकतो, त्याला ते मिळू द्या. तोच ते करू शकला नाही तर तो "काही होत नाही" असंच म्हणणार, आणि त्यात त्याची तरी किती चूक?

मेहुण्याचे जुने रिम दुकानात अजून पडून होते, नशीब. सेन्सर काढून आणले, बसवले, गाडी तासभर फिरवली, दिवा गेला. व्हॉल्व्ह बदलला. नागपूरला एक दिवस उशिरा पोचले. बहीण म्हणाली, "एका लाईटसाठी एवढं?"

हो ताई, त्या एका लाईटसाठीच.

उद्या सकाळी गाडी चालू कराल तेव्हा मीटरकडे जरा मिनिटभर बघा. लुकलुकतोय का ते कमेंटमध्ये सांगा.