वर्दी उतरल्यावर

सैन्यातला जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. मुलं शाळेत असतात, घरकर्जाचे हप्ते चालू असतात आणि नुसत्या पेन्शनवर सारं भागत नाही. मग कुणीतरी रखवालदाराची नोकरी सुचवतं आणि तो ती मुकाट्याने धरतो. सतरा वर्षं वायरलेस किंवा गाड्यांची दुरुस्ती केलेल्या हातांचं कसब फाटकापाशीच अडकून पडतं.

पुष्कळदा अर्जच अपुरा असतो. ‘हवालदार, सिग्नल्स’ एवढ्यावरून कारखान्याच्या मॅनेजरला काय कळणार? कोणती यंत्रं हाताळली, हाताखाली किती माणसं होती, हे साध्या शब्दांत लिहायला हवं.

पुनर्वसन महासंचालनालयाचे प्रशिक्षणवर्ग निवृत्तीआधीच करता येतात. घरी परतताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं. केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील थेट भरतीत माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. वय मोजताना सैन्यातील सेवेची वर्षं आणि आणखी ३ वर्षं वजा होतात.

उरला ओळखींचा प्रश्न. जवानाचे मित्र पलटणीतले, गावात तो पाहुण्यासारखा. पण तो सरहद्दीवर असताना बँक, शाळा, दवाखाना हे सारं पत्नीनेच सांभाळलेलं असतं. गावातल्या ओळखी तिच्याच असतात. तिने चार ठिकाणी शब्द टाकला, तर त्यात नवऱ्याने कमीपणा मानू नये. आधी निवृत्त झालेल्या सोबत्यांनाही विचारावं. नवी नोकरी शोधणं ही एकट्याची लढाई नव्हे, साऱ्या घराची मोहीम आहे.